माशी, ठिपका आणि चाळिशी

माशीशी माझं नातं जुनं आहे. बँकेत चिकटलो त्या पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्कनी मला 'मक्षिकास्थाने मक्षिका' हा आमचा कुळधर्म शिकवला. जुन्या खतावणीत एखादी माशी चिकटून मेलेली असेल, तर नव्या खतावणीत नक्कल करताना त्याच ओळीत, त्याच जागी एक माशी मारून चिकटवायची. पुढं संगणक आला, खतावण्या गेल्या, पण धर्म राहिला. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी माश्या मारल्या आहेत आणि दिवसअखेर हिशेब जुळेना तेव्हा माशी नेमकी कुठं शिंकली हे रात्री आठपर्यंत शोधलंही आहे. तेव्हा माशी या विषयात आपल्याला आणखी काही शिकायचं राहिलेलं नाही, अशी माझी समजूत होती.

परंतु बंदुकीलाही माशी असते, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. नळीच्या टोकाशी जो बारीकसा उंचवटा असतो, ज्याच्या रेषेत बघून नेम धरायचा, ती बंदुकीची माशी. आणि ही बातमी कळते न कळते तोच दुसरीही कळली, की या माशीचे दिवस भरले आहेत. तिच्या जागी हल्ली लाल ठिपका बसवतात. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. एका माशीच्या जागी एक ठिपका म्हणजे आमच्याच धर्माची सुधारित आवृत्ती झाली. पण ठिपका कुठला, 'रेड डॉट'चा की 'होलोग्राफिक'चा, यावरून दोन पंथ पडले असून ते दोन्ही पंथ सकाळच्या डहाणू लोकलमध्ये पालघर ते बोईसर या टापूत माझ्या डोक्यावर उभे राहून भांडतात. मधे एक उमरोळी सोडलं तर स्टेशन नाही. बारा-पंधरा मिनिटांचा प्रवास. शैव आणि वैष्णव यांनी निदान एवढी घाई केली नसावी.

रेड डॉट पंथाचे आचार्य म्हणजे आमचे चिरंजीव. अकरावीत आहेत, कॉलेज बोईसरला आहे, आणि बंदुकीचा त्यांचा सगळा अनुभव मोबाइलमधला आहे. पब्जी नावाचा खेळ सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये बंद केला तेव्हा मी घरात साखर वाटली होती. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' असं सोवळं नाव धारण करून परत आला आणि साखर वाया गेली. या खेळात पडक्या घरांतून ही दोन्ही यंत्रं फुकट सापडतात. उचलायची आणि रायफलीवर चढवायची. चिरंजीवांच्या मते रेड डॉट 'क्लीन' आहे. होलोग्राफिकला चौकट फार, नजरेच्या आड येते.

दुसऱ्या पंथाचे आचार्य एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. त्यांचं खरं नाव मी इथं देत नाही. आम्ही त्यांना होलोग्राफिकराव म्हणतो. हे गृहस्थ कोणत्याही वस्तूत सर्वांत महाग जी असेल तीच उत्तम, या मताचे आहेत. सातपाटीचं पापलेटसुद्धा ते आधी भाव विचारून मग वास घेतात. भाव कमी निघाला तर वास घ्यायचीही तसदी घेत नाहीत. होलोग्राफिक साइट अमेरिकेत पाचशे-सातशे डॉलरना पडते, एवढ्या एका आकड्यावर त्यांनी तिला गुरू केलं.

आता मी कोण, असं तुम्ही विचाराल. मी बी.कॉम. आहे. जन्मात गोळी झाडली ती फक्त जत्रेतल्या फुग्यांवर, आणि तीही फुगेवाल्याला लागता लागता राहिली. पण बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, बंदुकीविषयीच्या मताला लागत नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९ पासून वीज तयार होते, तिथं केंद्रीय दलाचे जवान खरीखुरी हत्यारं घेऊन पहारा देतात. त्यांना मी आपसात ठिपक्यावरून भांडताना कधी पाहिलेलं नाही. भांडतात ते आम्ही, जनरल डब्यातले. तेव्हा या वादात उतरण्याचा माझाही हक्क इतरांइतकाच, म्हणजे अजिबात नसलेला, आहे.

आधी वस्तू काय आहे ते समजून घेऊ. साध्या बंदुकीवर नेम धरायचा म्हणजे तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या. डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि लांबचं लक्ष्य. तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर. डोळा एका वेळी एकच अंतर लख्ख पाहू शकतो, म्हणून उस्ताद सांगतात की माशी लख्ख ठेव, लक्ष्य थोडं धूसर झालं तरी चालेल. वय वीस असेल तर डोळ्यातलं भिंग लवचीक असतं, नजर पुढं-मागं उड्या मारू शकते. चाळिशी उलटली की ते भिंग ताठर होत जातं. म्हणून तर आपल्या भाषेत वयाला आणि चष्म्याला एकच शब्द आहे. मी पासबुक वाचताना हात लांब करतो, तो आणखी थोडा लांब असता तर चष्मा लागलाच नसता.

रेड डॉटनं ही कसरत वाचवली. रात्रीच्या गाडीत वैतरणेची खाडी ओलांडताना खिडकीच्या काचेत बघा. डब्यातला दिवा बाहेर, काळ्या पाण्यावर लटकलेला दिसतो. तीच ही युक्ती. एक बारीक एलईडी दिवा, त्याच्यासमोर किंचित वाकवलेली, लेप दिलेली काच. त्या बाकामुळं दिव्याचे किरण समांतर होऊन डोळ्यात येतात आणि ठिपका पार लांब, लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा वाटतो. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, लक्ष्याकडे बघायचं, ठिपका त्यावर आणायचा. तीन अंतरांचं एक अंतर झालं. आणि हे काही कालचं डोकं नव्हे. डब्लिनचे दुर्बिणी बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्येच याचं तत्त्व मांडलं होतं. पुढं लढाऊ विमानांत अशा परावर्तक काचा बसल्या, आणि १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनं इलेक्ट्रॉनिक लाल ठिपका बाजारात आणला.

इथं एक गैरसमज दूर करतो. हिंदी सिनेमात नायकाच्या छातीवर लाल ठिपका फिरतो आणि नायिका किंचाळते, तो हा नव्हे. तो लेसरचा झोत. आपला ठिपका आपल्याच काचेत असतो. समोरच्याला त्याचा पत्ता नसतो. बँकेत कर्ज मंजूर झाल्याचं फक्त मॅनेजरलाच माहीत असतं, तसंच हे.

होलोग्राफिकची गोष्ट निराळी. डेनिस गॅबोर यांना होलोग्राफीसाठी १९७१ मध्ये नोबेल मिळालं, ती ही विद्या. तुमच्या डेबिट कार्डावर जी चमचमती चिकटी असते तिचं हे थोरलं घराणं. काचेत एका वर्तुळाचं आणि मधल्या ठिपक्याचं चित्र लेसरनं नोंदवून ठेवलेलं असतं, आणि आतला छोटा लेसर दिवा ते चित्र पुन्हा जागं करतो. ही साइट १९९६ च्या सुमारास अमेरिकेत विकायला आली. तिची एक करामत मात्र खरोखर थक्क करणारी आहे. फोटो फाडला तर अर्धा चेहरा हातात येतो. होलोग्राम फुटला तर उरलेल्या तुकड्यातूनही चित्र पूर्ण दिसतं. म्हणजे काचेला तडा गेला, अर्धी काच चिखलानं माखली, तरी नेम धरता येतो. होलोग्राफिकराव हा मुद्दा उमरोळीच्या अलीकडं काढतात आणि बोईसर येईपर्यंत सोडत नाहीत.

आता जमा आणि नावे मांडू. होलोग्राफिकच्या जमेला तडा गेलेली काच, बारीक ठिपका, भोवतीचं मोठं वर्तुळ, त्यामुळं जवळच्या अंतरावर झटकन नेम. नावे बाजूला किंमत आणि भूक. तिचा लेसर दिवा हजार-दोन हजार तासांत बॅटरी खाऊन टाकतो. चांगला रेड डॉट त्याच बॅटरीवर वर्षानुवर्षं चालू राहतो. काहींचा दावा पन्नास हजार तासांचा, म्हणजे सुमारे पावणेसहा वर्षांचा आहे. आमच्या शाखेतल्या भिंतीवरच्या घड्याळाला दर सहा महिन्यांनी सेल मागावा लागतो आणि तो मंजूर व्हायला चार महिने लागतात. अशा देशात होलोग्राफिक कोणी चालवावी, याचा विचार वाचकांनीच करावा. उलट उघड्या रेड डॉटवर पाऊस किंवा चिखल नेमका दिव्यासमोर बसला की ठिपका गायब. आमच्याकडच्या जुलैत तो किती दिवस दिसेल याचीही शंका आहे.

आणि महाग म्हणजे निर्दोष, हे तर कुणी सांगूच नये. २०१५ मध्ये एल-३ ही बडी अमेरिकन कंपनी आणि तिची होलोग्राफिक साइट बनवणारी ईओटेक यांनी अमेरिकेच्या सरकारशी तडजोड करून २ कोटी ५६ लाख डॉलर भरायचं कबूल केलं. सरकारचा आरोप असा, की कडक थंडीत किंवा उन्हात या साइटचा नेम जागचा हलतो हे ठाऊक असून कंपनीनं ते वेळेवर सांगितलं नाही. मी ही हकीकत गाडीत सांगितली तेव्हा होलोग्राफिकराव म्हणाले, "पण रक्कम बघा ना केवढी! साध्या मालाला एवढा दंड कोण करतो?" श्रद्धा म्हणतात ती ही.

या वादाचा निकाल डहाणूच्या एका चिकूच्या वाडीत लागला. होलोग्राफिकरावांच्या सासऱ्यांची वाडी. त्यांनी एक एअर रायफल घेतली होती, कमी ताकदीची, ०.१७७ ची, जिला परवाना लागत नाही. तिच्यावर त्यांनी चार आकडी किमतीत मिळवलेली 'अस्सल होलोग्राफिक' चढवली होती. एका रविवारी आम्हा दोघा बापलेकांना दर्शनाला बोलावलं. चिरंजीवांनी काचेतून बघितलं आणि म्हणाले, "गोल आहे, क्लीन आहे." मग मी डोळा लावला. मला ठिपका दिसलाच नाही. लाल मिरच्यांचा एक झुबका दिसला, एका बाजूला शेपूट फुटलेला.

"बॅटरी उतरली असेल," होलोग्राफिकराव म्हणाले.

मी रायफल आडवी केली. झुबका जसाच्या तसा. मग रायफल सरळ ठेवून स्वतःची मान वाकडी केली. झुबकाही वाकडा झाला. माशी शिंकली होती ती काचेत नाही, माझ्या डोळ्यात. सोमवारी पालघरच्या चष्मेवाल्यानं सांगितलं, "साहेब, तुम्हाला सिलिंड्रिकल नंबर आहे." बुबुळाचा बाक सगळीकडं सारखा नसला की प्रकाशाचा ठिपका एका जागी जुळत नाही, फाकतो. रात्री रस्त्यावरच्या दिव्यांना मला किरणांच्या मिश्या दिसत. मी इतकी वर्षं समजत होतो की त्या सगळ्यांनाच दिसतात. तेव्हा, हातातली काच कितीही चांगली असो, तिच्यामागं आणखी एक काच असते, ती आपल्या जन्माबरोबर आलेली, आणि तिची पावती कुठंच मिळत नाही.

दर्शन अजून संपलं नव्हतं. मी बँकेचा माणूस. मला कुठलाही कागद दिसला की मी त्याचा बारीक टाइप वाचतो. नव्या चष्म्यानिशी पुढच्या खेपेला मी त्या साइटच्या खोक्यातली घडी उलगडली. वर मोठ्या अक्षरांत 'होलोग्राफिक' आणि खाली मुंगीच्या अक्षरांत: प्रकाशाचा स्रोत, एलईडी. म्हणजे लेसर नाही, होलोग्राम नाही. दोन वर्षं ज्या माणसानं रेड डॉटला शिव्या दिल्या, त्याच्या रायफलीवर रेड डॉटच बसला होता. बाजारात होलोग्राफिक म्हणून विकली जाणारी स्वस्त साइट बहुधा अशीच असते.

"अहो, पण खोक्यावर स्पष्ट छापलंय!" होलोग्राफिकराव कळवळून म्हणाले.

"चेकवर एक लाख लिहिले म्हणून खात्यात असतात का?" मी म्हणालो. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं चांगलं वाक्य सुचलं नव्हतं.

पण ते हरणारे नव्हेत. दुसऱ्या दिवशी गाडीत त्यांनी २६ नोव्हेंबर २००८ काढला. "त्या रात्री आपल्या पोलिसांकडं असली साधनं असती तर?" इथं मी चेष्टा थांबवली. त्या रात्री सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात जुन्या .३०३ रायफली आणि लाठ्या होत्या, आणि समोर एके-४७. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे यांनी तर पेटलेल्या बंदुकीची नळी नुसत्या हातांनी धरून ठेवली. पुढं राज्यानं फोर्स वन उभी केली, ती त्या रात्रीच्या धड्यातून. ज्यांना अंधाऱ्या जिन्यात निमिषात निर्णय घ्यायचा आहे, त्यांना ठिपका द्या, होलोग्राम द्या, दोन्ही द्या. माझा कर त्यासाठी जात असेल तर मी एक रुपयाही परत मागणार नाही. पण त्यासोबत सरावाला गोळ्या द्या, सरावाला वेळ द्या, आणि वर्षातून एकदा डोळे तपासा. यातलं काहीही खोक्यात बसत नाही, म्हणून त्याबद्दल गाडीत कोणी भांडत नाही. माझं भांडण आहे ते एवढंच.

कारण नेम हा काचेतून येत असता, तर १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला काय घडलं असतं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस, त्यानं ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशन प्रकारात ब्राँझ जिंकलं. त्या खेळात रेड डॉट चालत नाही, होलोग्राफिक चालत नाही, दुर्बीण चालत नाही. मागं एक बारीक भोक, पुढं एक कडी, आणि त्या कडीत लांबचा काळा गोल बसवायचा. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे माझ्या शर्टाच्या गुंडीएवढं. आणि त्या भोकाची किमया हवी असेल तर आत्ता करून बघा. चष्मा काढा, मूठ वळून तिच्यात टाचणीच्या डोक्याएवढी फट ठेवा आणि त्यातून हेच पान वाचा. अक्षर सुधारतं. मी हा प्रयोग काउंटरवर केला तेव्हा गिऱ्हाइकांनी मॅनेजरकडं तक्रार केली, तो भाग सोडा.

तर असे आमचे वाद चालले होते, आणि होलोग्राफिकराव पगाराच्या कामासाठी आमच्या शाखेत येत तेव्हा ते शाखेतही चालत. दाराशी स्टुलावर आमचे हवालदार बसलेले असत. फौजेतून निवृत्त, कराडकडचे, स्वतःच्या परवान्याची दोनाली घेऊन एका एजन्सीमार्फत गार्डचं काम करणारे. वय साठीच्या उंबरठ्यावर. बारा वर्षांत त्यांची बंदूक वाजलेली कोणी ऐकली नव्हती आणि त्यांचा आवाजही क्वचितच. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ते माझ्या काउंटरशी आले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "सायेब, त्ये लाल ठिपक्याचं यंत्र आपल्या दोनालीवर बसंल का? केवढ्याला पडंल?"

मला हसू आलं. म्हटलं, "हवालदार, तुम्हीसुद्धा पंथ घेतलात की काय?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "माशी एकच हाय ओ. पन मला दोन दिसत्यात."

वाचकहो, माझ्या काउंटरचा नंबर तीन आहे. दार, हवालदारांचं स्टूल आणि तिजोरीची खोली यांना जोडणारी सरळ रेषा काढली तर ती माझ्या खुर्चीतून जाते. चोर आलाच, तर दोन माश्यांपैकी एका माशीच्या पुढं मी असणार. पहिला विचार माझ्या मनात हा आला हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. तो असा, की दोन वर्षं आम्ही दोघे शहाणे ठिपक्यावरून भांडत होतो, आणि आमच्यापैकी एकट्या ज्या माणसाच्या हातात खरी बंदूक होती, त्याला नेमच दिसत नव्हता. आणि हे कोणाला सांगायची त्याला चोरी होती. एजन्सीला कळलं की दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस. त्याच्या पगारावर गावाकडं चार माणसं.

मी नव्यानं मिळवलेलं सगळं ज्ञान पणाला लावलं. ठिपका बसवून उपयोग होईल का? डोळ्याच्या आतलं भिंगच गढूळ झालं असेल, तर माशी दोन दिसतात तसा ठिपकाही दोन दिसणार, वर त्याची लाली सगळीकडं फाकणार. होलोग्राफिकचंही तेच. पाचशे डॉलर नाही, पाच हजार डॉलरची काच बसवली तरी ती या गढूळ काचेच्या पुढंच बसणार. मोतीबिंदूपुढं दोन्ही पंथ सारखेच पराभूत.

मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं. सांगावं की नाही यावर मी एक रात्र जागलो, हेही लिहून ठेवतो. हवालदारांच्या नोकरीवर मी माशी शिंकवतोय असं वाटत होतं. पण ज्याला दोन माश्या दिसतात त्याच्या हाती भरलेली दोनाली ठेवून आपण गप्प बसायचं, ही दया नव्हे. साहेब तसे फाइलीचे मनुष्य, पण त्या दिवशी त्यांनी फाइल काढली नाही, फोन काढला. एजन्सीशी तासभर भांडले. महिनाभर बदली माणूस यावा आणि हवालदार बरे झाले की त्यांचीच जागा त्यांना मिळावी, हे त्यांनी लिहून घेतलं. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते, ही माहिती होलोग्राफिकरावांनी आणली. जाण्यायेण्याची रिक्षाही त्यांनीच केली. फुकट गोष्टीची त्यांनी शिफारस केलेली मी तेव्हा प्रथम पाहिली.

आणि या शस्त्रक्रियेत डोळ्यात जे बसवतात, त्याचा इतिहास वाचून मी खुर्चीतच सरळ बसलो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या लढाऊ विमानांत वैमानिकासमोर तीच परावर्तक काच असे, आजच्या रेड डॉटची आजी. आणि वैमानिकाच्या डोक्यावर पर्स्पेक्सचं छत. गोळ्या लागून छत फुटलं की त्याचे बारीक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. हॅरॉल्ड रिडली नावाच्या लंडनच्या नेत्रवैद्यांच्या ध्यानात आलं, की हे तुकडे डोळ्यात वर्षानुवर्षं राहिले तरी डोळा त्यांच्यावर चिडत नाही. त्यावरून त्यांनी तशाच पदार्थाचं भिंग करून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. म्हणजे एकाच विमानातून दोन काचा निघाल्या. एक बंदुकीवर गेली आणि तिच्यावरून आम्ही भांडतो. दुसरी डोळ्यात गेली, आणि तिची ना बॅटरी, ना जाहिरात, ना पंथ.

सव्वा महिन्यानं हवालदार कामावर आले. काळा चष्मा काढून त्यांनी दोनाली रिकामी करून घेतली, मागच्या भिंतीकडं रोखली आणि एक डोळा मिटला. अख्खी शाखा श्वास रोखून उभी. मी तेवढ्यापुरता काउंटर नंबर चारला गेलो होतो. सवय.

"एकच हाय, सायेब," ते म्हणाले.

मग बंदूक खाली ठेवून शाखेकडं सावकाश नजर फिरवली आणि म्हणाले, "आपल्या बँकेत येवढी धूळ हाय व्हय?"

होलोग्राफिकरावांनीही डोळे तपासून घेतले. त्यांना दूरचा एक, जवळचा एक आणि सिलिंड्रिकल असे तीन नंबर निघाले. एअर रायफल आता सासऱ्यांच्या वाडीत वटवाघळं हाकायला पडून आहे. चिरंजीवांनी रायफल क्लबात नाव घातलं असून तिथल्या उस्तादांनी पहिले तीन आठवडे त्यांना फक्त उभं राहायला शिकवलं. मोबाइलमध्ये हे शिकवत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. मी ती नोंदवून घेतली.

गाडीत ठिपक्यांचा वाद कायमचा मिटला. सध्या पालघर ते बोईसर चाळिशीला बायफोकल बरी की प्रोग्रेसिव्ह, यावर जोरात चर्चा चालू आहे. होलोग्राफिकराव अर्थातच प्रोग्रेसिव्हच्या बाजूनं आहेत. ती दुप्पट महाग आहे.